बंद केलेली प्रोसेस पुन्हा उगवते तेव्हा

टास्क मॅनेजरमध्ये ‘एंड टास्क’ केलं की नको असलेली प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, जाते आणि दोन सेकंदांत परत हजर! बहुधा तिची जोडीदार प्रोसेस तिला पुन्हा उठवत असते. विंडोजवर अशा वेळी मारण्याआधी गोठवा.

१. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. संशयित नावांवर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ घ्या. उदाहरणार्थ, खरी ‘एसव्हीसीहोस्ट’ (विंडोजच्या सेवा चालवणारी प्रोसेस) विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरात असते. त्याच नावाची फाइल टेम्प किंवा डाउनलोड्समध्ये सापडली तर ती तोतया समजा. फोल्डर उघडाच ठेवा.

२. स्टार्टमध्ये ‘रिसोर्स मॉनिटर’ शोधा. सीपीयू टॅबमध्ये संशयित आणि तिची जोडीदार अशा दोन्ही प्रोसेसवर राइट क्लिक करून ‘सस्पेंड प्रोसेस’ करा, म्हणजे त्या गोठतील. गोठलेली प्रोसेस जोडीदार मेल्याचं पाहत नाही, म्हणून त्याला उठवतही नाही.

३. आता दोन्ही ‘एंड’ करा. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतही त्या डिसेबल करा, नाहीतर रीस्टार्टनंतर पुन्हा तेच.

४. उघड्या फोल्डरातली फाइल अँटिव्हायरसने स्कॅन करा. लगेच डिलीट करायची घाई नको.

‘सीएसआरएसएस’ किंवा ‘विनइनिट’ला मात्र हात लावू नका; ती विंडोजची स्वतःची आहेत, बंद केलीत तर निळा स्क्रीन येऊन सेव्ह न केलेलं काम जाईल.