गेटवरचं पत्रक: छोट्या कारखान्याने आपला हिशोब उघडा कसा ठेवावा

भोसरी एमआयडीसीत आमचं पावडर कोटिंगचं, म्हणजे धातूच्या वस्तूंवर कोरड्या पावडरीचा रंग भाजून बसवण्याचं युनिट आहे. चौतीस माणसं, एक ओव्हन, सात टाक्या. चार वर्षांपूर्वी चाकणच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून पहिल्यांदा प्रश्नावली आली. वीज किती, पाणी किती, घातक कचरा कुठे जातो, कामगारांच्या तक्रारी किती. मी ती तासाभरात भरून पाठवली. जिथे 'हो की नाही' विचारलं होतं तिथे सगळीकडे 'हो'.

त्याच वर्षी आमचे कोटिंगवरचे काका वारीहून परत आले आणि म्हणाले, "ताई, आळंदीत इंद्रायणीवर नुसता फेस होता. आपल्या टाक्यांचं पाणी कुठं जातं वो?" प्रश्नावलीत मी 'प्रक्रिया करूनच सोडतो' असं लिहिलं होतं. काकांना मात्र तसं सांगवेना. मी उठून ईटीपीपाशी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेपाशी गेले. पाण्यात रसायन सोडणारा डोसिंग पंप बंद होता आणि वहीतली शेवटची नोंद अकरा दिवसांपूर्वीची होती.

तेव्हापासून आम्ही वर्षाचा हिशोब दोन पानांत लिहून आधी आमच्याच गेटवर लावतो. हेच आमचं पत्रक. गिऱ्हाइक कंपनीला जातं ते त्यानंतर, त्यातलंच. हा क्रम मी फार महत्त्वाचा मानते. बाहेरच्या तपासनिसाला एका दिवसात जे दिसणार नाही, ते आपल्या माणसांना रोज दिसतं.

या प्रश्नावल्या येतात कुठून, तेही समजून घ्या. शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या 1000 कंपन्यांना सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, 2022-23 पासून जबाबदार व्यवसायाचा अहवाल सक्तीचा केला. त्यात पर्यावरण, कामगार, नैतिक व्यवहार अशी नऊ तत्त्वं आहेत. आपण त्यांना माल पुरवतो, म्हणून त्यांचे प्रश्न आपल्यापर्यंत पोचतात. आपण खोटा आकडा दिला तर तो त्यांच्याही अहवालात शिरतो.

पहिल्या वर्षी सल्लागार लावू नका. एक बॉक्स फाइल घ्या. त्यात बारा महिन्यांची लाइट बिलं, पाण्याची बिलं, डिझेल आणि गॅसच्या पावत्या, घातक कचऱ्याच्या मॅनिफेस्टच्या (कचरा पाठवताना सोबत जाणाऱ्या कागदाच्या) प्रती, पीएफ-ईएसआयची चलनं आणि अपघाताची वही एवढं घाला. कागद नसेल तो आकडा पत्रकात घ्यायचा नाही.

विजेचा हिशोब सोपा आहे. रुपये नाही, युनिटं लिहा. बिलावर केव्हीएएच आणि केडब्ल्यूएच असे दोन आकडे असतात, आपल्याला केडब्ल्यूएच हवा. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर युनिटमागे किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो याचा सरासरी आकडा जाहीर करतं. सध्या तो 0.7 किलोच्या थोडा वर आहे. आमची मागच्या वर्षाची 1,48,000 युनिटं म्हणजे साधारण 107 टन. जनरेटरच्या डिझेलचे लिटरमागे सुमारे 2.7 किलो धरा आणि ओव्हनच्या एलपीजीचे किलोमागे सुमारे 3 किलो. एकूण आकड्याशेजारी कोटिंग केलेल्या दर चौरस मीटरचा आकडाही द्या. काम वाढलं की एकूण वाढतो, तेव्हा फक्त चौरस मीटरचाच आकडा दाखवायचा मोह होतो. दोन्ही लिहा. पाण्याचं मीटर आहेच, पण उन्हाळ्यात मागवलेले टँकर त्यात येत नाहीत. तेही मोजा.

घातक कचऱ्यापाशी थांबून नीट काम करा. आमच्याकडे फॉस्फेटिंगच्या, म्हणजे रंगाआधी धातूवर रसायनाचा थर चढवायच्या टाकीतला गाळ निघतो. तो नियमाने घातक कचऱ्यात मोडतो आणि आम्ही तो रांजणगावच्या विल्हेवाट केंद्रात पाठवतो. पूर्वी मी मॅनिफेस्टवरचे किलो बेरीज करून लिहायचे. ते चूक नव्हतं, पण अर्धवट होतं. आता तीन आकडे शेजारी शेजारी मांडते: निघाला किती, गेला किती, शिल्लक किती. मग वजनकाटा शेडमध्ये नेऊन ड्रम मोजते. पहिल्या वर्षी वहीप्रमाणे 230 किलो शिल्लक हवा होता, काट्यावर 170 भरला. साठ किलोंचं काय झालं ते कुणालाच सांगता येईना. पत्रकात आम्ही 'साठ किलोंचा हिशोब लागला नाही' असंच लिहिलं. आता ड्रम भरला की त्याच दिवशी वजन आणि तारीख ड्रमवरच लिहितो. साठवायची मुदत नव्वद दिवसांची आहे, तारीख समोर दिसली की ती विसरली जात नाही. या कचऱ्याचं वार्षिक विवरण, म्हणजे फॉर्म 4, प्रदूषण नियंत्रण मंडळाला 30 जूनपर्यंत द्यावं लागतं. पत्रकही त्याच सुमारास करा, कागद तेव्हा हाताशी असतात.

आता माणसांचं. मला सर्वांत जास्त वेळ इथेच लागतो आणि लागलाच पाहिजे. सरासरी पगार लिहू नका, त्यात मॅनेजरचा पगारही मिसळतो. सर्वांत कमी पगार किती आणि तो किती जणांना मिळतो ते लिहा. कायम किती, कंत्राटी किती, तेही वेगळं. ओव्हरटाइमचे तास लिहा आणि तो दुप्पट दराने दिला का, ते लिहा.

कंत्राटदार पीएफचं चलन आणून देतो आणि आपण ते फाइलला लावतो. तेवढ्यावर थांबू नका. चलनासोबतची नावांची यादी मागा, ईसीआर म्हणतात तिला, आणि आपल्या हजेरीशी एकेक नाव जुळवा. आम्ही जुळवलं तेव्हा नऊपैकी दोघांची नावंच त्यात नव्हती. दोघंही बिहारची, विशीतली मुलं. सात महिने ती आमच्या टाक्यांवर उभी होती आणि मी कागदावर 'सर्वांना पीएफ' असं लिहून मोकळी झाले होते. ते पैसे शेवटी आम्ही भरले. कायद्यानेही ही जबाबदारी फिरून मुख्य मालकावरच येते.

अपघातात फक्त दवाखान्यात नेलेले मोजू नका. हातावर ॲसिड उडालं, पाय घसरला, हेही लिहा. आमच्या वहीत पहिल्या वर्षी दोन नोंदी होत्या, दुसऱ्या वर्षी एकोणीस. काम जास्त धोक्याचं झालं नव्हतं, लोक सांगायला लागले होते. लैंगिक छळाच्या तक्रारींचंही असंच आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवीच. पत्रकात 'तक्रारी शून्य' एवढंच न लिहिता समितीतल्या बाईंचं नाव, त्या कुठे भेटतात आणि बैठका किती झाल्या ते लिहा.

पैशाच्या व्यवहाराबद्दल लिहायला लोक बिचकतात. आम्ही दोनच गोष्टी देतो. दिवाळीला कुणाला काय भेट दिली, कुणाकडून काय आली, याची वही आहे आणि तिची बेरीज पत्रकात असते. दुसरं, आमच्याहून लहान माणसांचे पैसे आम्ही किती दिवसांत देतो. जिग (माल टांगायचे साचे) बनवणारा, टेम्पोवाला, ड्रम धुणारा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत असं 2006 चा कायदा सांगतो. मोठ्या गिऱ्हाइकाकडून आपले पैसे अडकले की आपण तावातावाने बोलतो. मग आपण दुसऱ्याचे किती अडकवले, तेही मांडलं पाहिजे.

शब्द जपून वापरा. पावडरमध्ये थिनर नसतो, त्यामुळे ओल्या रंगापेक्षा त्याच्या वाफा फार कमी. हे खरं आहे, तेवढंच लिहा. 'प्रदूषणमुक्त' लिहू नका, आपल्या टाक्या आहेत, गाळ आहे. पुराव्याविना 'इको-फ्रेंडली', 'हरित' असे दावे करण्याविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वंही काढली आहेत.

मजकूर तयार झाला की शनिवारी चहाच्या सुट्टीत मोठ्याने वाचा. आम्ही मराठीत वाचतो, मग हिंदीत. कुणी "ताई, हे असं नाहीये" म्हणालं तर वाद घालायचा नाही. त्या ओळीवर पेन्सिलीने खूण करायची, सोमवारी पुन्हा मोजायचं. मागच्या वेळी अशा चार खुणा झाल्या, त्यातल्या तीन ठिकाणी माझाच आकडा चुकला होता.

दुसऱ्या पानाचा खालचा चौथा हिस्सा 'अजून जमलेलं नाही' यासाठी ठेवा आणि तो रिकामा सोडू नका. आमच्या या वर्षीच्या तीन ओळी अशा: ईटीपीचं पाणी पुन्हा वापरायचं ठरलं होतं, झालं नाही. बायकांच्या चेंजिंग रूमचं दार अजून नीट लागत नाही, दिवाळीआधी नवीन बसेल. जिगवाल्याचे पैसे दोनदा 45 दिवसांच्या पुढे गेले.