काही होत नसताना करायची तपासणी : कॅन्सर स्क्रीनिंग कसं सुरू करावं आणि कसं चालू ठेवावं

माझ्या मावशीच्या मॅमोग्राफीच्या (स्तनांच्या एक्स-रेच्या) रिपोर्टवर शेवटच्या ओळीत लिहिलं होतं : बायरॅड्स ०. मावशीने 'शून्य म्हणजे काहीच नाही' असा सरळ अर्थ लावला आणि फाइल कपाटात ठेवून दिली. बायरॅड्स ही मॅमोग्राफीचा निष्कर्ष आकड्यात लिहायची पद्धत. तिच्यात 'काही आढळलं नाही' याला १ लिहितात. ० म्हणजे चित्र अपुरं आहे, आणखी फिल्म किंवा सोनोग्राफी झाल्याशिवाय सांगता येणार नाही. हे कुणाच्या लक्षात यायला आठ महिने गेले. निघाली ती पाण्याची साधी गाठ, पण तेव्हापासून स्क्रीनिंगबद्दल कुणी विचारलं की मी आधी विचारते, "रिपोर्ट कोण वाचणार आहे?" कुठल्या चाचण्या करायच्या, हे नंतर.

आधी एक फाटा

स्क्रीनिंग म्हणजे काहीही त्रास नसताना केलेली तपासणी. त्रास असेल तर तुमचा रस्ता वेगळा. स्तनात नवी गाठ, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव, शौचातून रक्त, तीन आठवड्यांत न भरलेलं तोंडातलं व्रण, बसलेला आवाज, कारण नसताना उतरत चाललेलं वजन, यांपैकी काही असेल तर शिबिराची किंवा वार्षिक तपासणीची वाट न पाहता थेट डॉक्टरांकडे जा. "गेल्या वर्षीची मॅमोग्राफी नॉर्मल होती" हे थांबायचं कारण होत नाही. दोन तपासण्यांच्या मधल्या काळातही कॅन्सर उद्भवतो.

त्रास नसेल, तर पुढे वाचा.

पायरी १ : घरातला इतिहास कागदावर उतरवा

हे काम एका संध्याकाळचं आहे, पण बहुतेकजण टाळतात. कुणाला, कोणत्या अवयवाचा आणि कितव्या वर्षी, या तीन गोष्टी हव्यात. वय सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं तेच कुणाला आठवत नाही. "आत्याला पोटाचा होता" एवढ्यावर थांबू नका. घरात 'पोटाचा' म्हणून सांगितलेला कॅन्सर आतड्याचा, अंडाशयाचा, यकृताचा, कशाचाही असू शकतो. जुनी डिस्चार्ज समरी सापडली तर उत्तमच.

वडिलांकडची बाजूही लिहा. स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारे बीआरसीए १ आणि २ या जनुकांतले दोष वडिलांकडूनही येतात, तरी लोक फक्त आई आणि मावश्या मोजतात.

हा कागद तारीख बदलतो. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर साधारण नियम असा : वयाच्या ४० व्या वर्षी, किंवा त्यांचं निदान झालं त्या वयाच्या १० वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून पाहणं. भावाला ४५ व्या वर्षी निदान झालं असेल तर तुमची वेळ ३५ व्या वर्षी येते.

त्याच कागदावर तंबाखू किंवा सिगारेटची वर्षं, हिपॅटायटिस बी किंवा सी, पूर्वी छातीवर घेतलेलं रेडिएशन आणि झालेल्या बायोप्सी (तुकडा काढून केलेल्या तपासण्या) लिहून ठेवा.

पायरी २ : आपल्यासाठी कोणती चाचणी, ते ठरवा

सगळे कॅन्सर एकाच वेळी पकडणारी खात्रीची चाचणी आज नाही. काही कॅन्सर मात्र आपल्याला भरपूर वेळ देतात, आणि स्क्रीनिंगचा सगळा उपयोग त्या वेळावर उभा आहे.

गर्भाशयमुखाचं उदाहरण घ्या. एचपीव्ही या शरीरसंबंधातून पसरणाऱ्या विषाणूचा संसर्ग शरीरात टिकून राहिला तर त्यातून कॅन्सर व्हायला सहसा १५ ते २० वर्षं लागतात. (विषाणू आणि हा कॅन्सर यांचं नातं दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं.) या काळात पेशी आधी बिघडायला लागतात, आणि तेवढाच भाग काढून टाकला की कॅन्सर होतच नाही. जागतिक आरोग्य संघटना ३० व्या वर्षापासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही चाचणी सुचवते. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांसाठी हीच सुरुवात २५ व्या वर्षी आणि अंतर ३ ते ५ वर्षांचं. ती चाचणी उपलब्ध नसेल तर पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन केलेली तपासणी) दर ३ वर्षांनी. एचपीव्ही चाचणीचा नमुना स्वतःचा स्वतःलाही घेता येतो, हे संकोचामुळे टाळणाऱ्या मैत्रिणीला जरूर सांगा. एचपीव्हीची लस घेतलेली असली तरी तपासणी सुटत नाही. गर्भाशय काढलेलं असेल तर गर्भाशयमुखही काढलं होतं का, हे ऑपरेशनच्या कागदांत पाहा.

मोठ्या आतड्याचंही तसंच. आतल्या अस्तरावर आधी पॉलिप म्हणजे मांसल कोंब येतो. त्याचा कॅन्सर व्हायला अनेकदा दहाएक वर्षं जातात आणि कोलोनोस्कोपी करतानाच तो कापून काढता येतो. सुरुवात देशागणिक ४५ किंवा ५० व्या वर्षी. दुर्बीण नको वाटत असेल तर दरवर्षी शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी फिट चाचणी हा चांगला पर्याय आहे. नमुना घरीच घ्यायचा. कोलोनोस्कोपी नॉर्मल आली तर सहसा १० वर्षं परत करावी लागत नाही.

स्तनांसाठी मॅमोग्राफी. ती ४० पासून करायची की ५० पासून, यावर देशोदेशींच्या तज्ज्ञांचं एकमत नाही. अमेरिकेत अशा तपासण्यांच्या शिफारशी करणाऱ्या तज्ज्ञांच्या टास्क फोर्सने २०२४ मध्ये ४० ते ७४ या वयात दर २ वर्षांनी, असं ठरवलं.

फुप्फुसांचं स्क्रीनिंग सगळ्यांसाठी नाही. वय ५० ते ८०, दिवसाला एक पाकीट या हिशेबाने किमान २० वर्षं धूम्रपान, आणि ते चालू असेल किंवा सोडून १५ वर्षं झाली नसतील, तर दरवर्षी कमी मात्रेचा सीटी स्कॅन. साधा छातीचा एक्स-रे यासाठी चालत नाही. तंबाखू खाणाऱ्यांनी तोंड तपासून घ्यावं, तेही डेंटिस्टच्या खुर्चीत. पांढरा किंवा लाल चट्टा आरशात हमखास निसटतो, विशेषतः जिभेच्या कडेचा. सिरोसिस (यकृत कायमचं निबर होण्याचा आजार) असेल तर यकृताची सोनोग्राफी दर ६ महिन्यांनी.

प्रोस्टेट या पुरुषांतल्या ग्रंथीच्या कॅन्सरसाठी असलेल्या पीएसए या रक्तचाचणीबद्दल घाई करू नका. ५५ ते ६९ या वयात डॉक्टरांशी बोलून ठरवा. प्रोस्टेट नुसतं वाढलं असलं किंवा जंतुसंसर्ग झाला तरी पीएसए वाढतं.

आणि 'फुल बॉडी पॅकेज'मधले ट्यूमर मार्कर, म्हणजे रक्तात कॅन्सरची खूण शोधणाऱ्या चाचण्या? माझं मत स्पष्ट आहे : काही त्रास नसताना सीए १२५ किंवा सीईए करू नका. पाळी चालू असली किंवा एन्डोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) असला तरी सीए १२५ वर जातं, मग सोनोग्राफी, मग सीटी, मग झोप उडालेली. जास्त शोधणं म्हणजे जास्त वाचवणं असंही नाही. दक्षिण कोरियात थायरॉइडच्या सोनोग्राफीचं पेव फुटलं आणि २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं. मृत्यूंचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. जे कॅन्सर आयुष्यभर गप्प बसले असते, त्यांच्यासाठी माणसांच्या गळ्यावर सुरी चालली.

पायरी ३ : तारीख घ्या आणि तयारी करा

मॅमोग्राफी पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात ठेवा, तेव्हा स्तन कमी हुळहुळे असतात. त्या दिवशी काखेत डिओडरंट किंवा पावडर नको, फिल्मवर तिचे कण दिसतात. दोन तुकड्यांचे कपडे घाला. जुन्या फिल्म किंवा सीडी सोबत न्या, कारण रेडिओलॉजिस्टला 'आधीही असंच होतं का' हे पाहायचं असतं. स्तन दोन सपाट प्लेटांमध्ये दाबला जातो. चिमटा बसतो, पण प्रत्येक वेळी काही सेकंदच.

पॅप स्मिअर पाळीच्या दिवसांत नको. आधीचे दोन दिवस संबंध आणि योनीत घालायची औषधं टाळा. फिट चाचणीला पथ्य नाही, पण पाळी किंवा वाहणारी मूळव्याध असताना नमुना घेऊ नका. कोलोनोस्कोपीचा खरा त्रास आदल्या रात्रीचा. जुलाबाचं औषध सांगितलं तेवढं सगळं प्या. आतडं नीट साफ नसेल तर पॉलिप दिसत नाहीत आणि सगळं पुन्हा करावं लागतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, मनाने बंद करू नका. परतताना सोबत कुणीतरी हवं, गुंगीच्या औषधानंतर गाडी चालवता येत नाही.

पायरी ४ : रिपोर्ट हातात आल्यावर

इथेच माणसं गळतात. निघतानाच विचारा : रिपोर्ट कधी, कोण सांगणार, काही निघालं तर पुढे काय? "काही असेल तर कळवू" यावर विसंबू नका. फोन आला नाही म्हणजे रिपोर्ट चांगला आहे असं नाही, तो कदाचित कुणी उघडलेलाच नाही.

मॅमोग्राफीनंतर परत बोलावलं तर धसका बसतो, पण परत बोलावलेल्या दहा स्त्रियांमध्ये एकीलाही सहसा कॅन्सर निघत नाही. बायरॅड्स १ आणि २ म्हणजे काळजी नाही. ३ म्हणजे बहुधा साधंच, पण ६ महिन्यांनी पुन्हा पाहायचं. ४ आणि ५ ला बायोप्सी. बायोप्सीच्या सुईने कॅन्सर पसरतो या भीतीने ती लांबवू नका.

फिट चाचणी पॉझिटिव्ह आली की पुढची पायरी कोलोनोस्कोपीच. इथे एक चूक मी वारंवार पाहते : लोक तीच चाचणी पुन्हा करतात, ती निगेटिव्ह येते आणि सगळे निःश्वास टाकतात. पॉलिप रोज रक्त सोडत नाही. दुसऱ्या चाचणीने पहिली खोडली जात नाही.

एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि नवऱ्याशी भांडायचं कारणही नव्हे. हा संसर्ग अतिशय सर्रास आहे, वर्षानुवर्षं दडून राहू शकतो आणि बहुतेकींच्या शरीरातून दोनेक वर्षांत आपोआप जातो. मात्र प्रकार १६ किंवा १८ असेल तर कॉल्पोस्कोपी (गर्भाशयमुख भिंगातून मोठं करून पाहणं) लांबवू नका. गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कॅन्सर या दोन प्रकारांमुळे होतात.

पायरी ५ : पुढची तारीख

रिपोर्ट नॉर्मल आला की त्याच दिवशी पुढची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्येही. एका फाइलमध्ये कागद, फिल्म आणि पायरी १ चा इतिहास एकत्र ठेवा. घरात नवं निदान झालं की इतिहासाच्या कागदात ते लिहा आणि तारखा डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्या.

मावशीच्या फाइलवर आता बाहेरून मार्करने पुढच्या मॅमोग्राफीचा महिना लिहिलेला असतो. त्याखाली तिच्याच अक्षरात : 'भाचीला दाखवल्याशिवाय कपाटात ठेवू नये.'