व्हेस्ना पुसिच यांच्यावर व्याख्यान देताना

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वाचनालयात किंवा महिला मंडळात क्रोएशियाच्या माजी परराष्ट्रमंत्री व्हेस्ना पुसिच यांच्यावर बोलायचं असेल, तर वीस मिनिटं धरून तयारी करा. त्याहून लांबलं की परक्या नावांच्या गर्दीत श्रोते हरवतात.

जन्मापासून सुरू करू नका. आधी शेजारच्या स्लोव्हेनियाने क्रोएशियाची केलेली अडवणूक सांगा. सीमाभागातल्या माणसाला ती लगेच कळते. युगोस्लाव्हिया फुटल्यापासून पिरानच्या आखातातली या दोन देशांची सागरी हद्द वादात होती. स्लोव्हेनिया २००४ मध्येच युरोपीय संघात गेला होता आणि नवा सदस्य घ्यायला सगळ्यांची संमती लागते. त्या जोरावर त्याने डिसेंबर २००८ पासून पुढच्या शरद ऋतूपर्यंत क्रोएशियाच्या वाटाघाटी रोखल्या. हद्दीचा वाद लवादाकडे न्यायची तोड निघाली, तेव्हा गाडं सुटलं; लवादाच्या करारावर सह्या नोव्हेंबर २००९ मध्ये झाल्या.

वक्ते घसरतात ते यापुढे. वाटाघाटी पुसिच यांनी केल्या नाहीत. त्या विरोधी बाकांवर होत्या आणि वाटाघाटींवर देखरेख करणाऱ्या संसदेच्या राष्ट्रीय समितीचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं. प्रवेशाच्या करारावरही सही त्यांची नाही: सह्या ९ डिसेंबर २०११ ला झाल्या, त्या मंत्री झाल्या २३ डिसेंबरला. मंत्री म्हणून वाट्याला आलं ते करार तडीस नेण्याचं किचकट काम. २२ जानेवारी २०१२ च्या सार्वमतात ६६ टक्के होकार मिळाला. मग एकेका सदस्य देशाची मान्यता. स्लोव्हेनिया पुन्हा अडून बसला, या खेपेला ल्युब्लियान्स्का या स्लोव्हेनियन बँकेतल्या क्रोएशियन ठेवींवरून. मार्च २०१३ मध्ये दोन्ही सरकारांचा समझोता झाला, एप्रिलमध्ये तिथल्या संसदेची मान्यता आली आणि १ जुलैला क्रोएशिया संघात गेला. एवढ्या तारखा फळ्यावर आधीच लिहून ठेवा, बोलता बोलता लिहायला वेळ पुरत नाही.

बाकीचं चरित्र पाच मिनिटांत उरकतं. जन्म १९५३, झाग्रेब. समाजशास्त्राच्या प्राध्यापक, सत्तरच्या दशकाअखेर स्त्रीवादी गटाच्या संस्थापकांपैकी एक. उदारमतवादी एचएनएस (क्रोएशियन पीपल्स पार्टी) पक्षाच्या अध्यक्ष २००० ते २००८ आणि पुन्हा २०१३ ते २०१६. पराभव मात्र गाळू नका, गौरवपर भाषणात ते हटकून गळतात. २००९ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत सात टक्क्यांच्या आसपास मतं. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवपदासाठी उभ्या राहिल्या, सुरक्षा परिषदेच्या पहिल्या चाचणी मतदानात २ अनुकूल आणि ११ प्रतिकूल मतं पडली, त्यांनी माघार घेतली. २०१७ मध्ये एचएनएस उजव्या एचडीझेड पक्षासोबत सत्तेत गेला, तेव्हा त्या बाहेर पडल्या आणि 'ग्लास' या नव्या पक्षाच्या स्थापनेत सामील झाल्या.

प्रश्नोत्तरांना दहा मिनिटं राखा. "मग आमच्या सीमाप्रश्नाला लवाद का नाही?" असं कुणीतरी विचारणारच. तिथे ओढूनताणून साम्य दाखवू नका. ते दोन सार्वभौम देश, इथे एकाच संघराज्यातली दोन राज्यं. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. शिवाय लवादानेही तिथलं भांडण मिटलं नाही. स्लोव्हेनियाचा लवादसदस्य आणि त्या सरकारची अधिकारी यांचं गुप्त बोलणं २०१५ मध्ये उघड झालं, तेव्हा क्रोएशियाने अंग काढून घेतलं. त्या वेळी परराष्ट्रमंत्री पुसिचच होत्या. २०१७ चा निवाडा क्रोएशिया मानत नाही. इथे श्रोत्यांतून महाराष्ट्राने नाकारलेला १९६७ चा महाजन अहवाल निघाला, तर तेवढं साम्य मान्य करायला हरकत नाही.