इंग्रजीत भव्य आणि लखलखीत लिहिताना या चुका टाळा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली मराठी मुलं इंग्रजी निबंध, निमंत्रणं, स्मरणिकेची पानं माझ्याकडे तपासायला आणतात. व्याकरण बहुतेकांचं बरं असतं. घोटाळा होतो तो कौतुक करताना. भव्य, दिमाखदार, तेजस्वी असं काही लिहायचं म्हटलं की मोबाइल काढायचा, समानार्थी शब्दांची यादी बघायची आणि त्यातला सगळ्यांत भारदस्त शब्द उचलायचा. हा आळस मला सहन होत नाही.

ग्रँडिओज हा शब्द तर दर वर्षी भेटतो. ग्रँड माहीत असतो, म्हणून ग्रँडिओज म्हणजे त्याहून ग्रँड अशी समजूत. इंग्रजीत तो बहुतेक वेळा पोकळ बडेजाव सांगतो. समारंभाला ग्रँडिओज म्हटलंत, तर यजमानांनी नुसता भपका केला असा अर्थ निघतो. पॉम्पसचंही तसंच. पॉम्प म्हणजे थाटमाट, पण पॉम्पस म्हणजे स्वतःला फार मोठा समजणारा. मिरवणूक थाटात निघाली असेल तर 'विथ ग्रेट पॉम्प' लिहा आणि तिथेच थांबा.

इथल्या एका गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका मी विसरणार नाही. प्रमुख पाहुणे निवृत्त प्राध्यापक, मराठी न जाणणारे, म्हणून त्यांचा परिचय इंग्रजीत. लिहिला कॉलेजातल्या एका मुलानं. छापून गठ्ठे आल्यावर तो म्हणाला, "काकू, जरा नजर टाका ना." पहिल्याच ओळीत 'ग्लेअरिंग करिअर'! ग्लेअर म्हणजे डोळ्यांना त्रास देणारा प्रखर उजेड. उजेड सोडला तर ग्लेअरिंग हे विशेषण इंग्रजीत बहुतेक वेळा चूक, उणीव, अन्याय यांच्याच शेजारी बसतं. सन्मानानं बोलावलेल्या माणसाच्या आयुष्यभराच्या कामाला आपण ढळढळीत चुकांच्या रांगेत बसवलं होतं. "पण काकू, तेजस्वी टाकल्यावर ॲपनं हाच शब्द दिला!" मी विचारलं, "अरे, तो वापरलेलं एक तरी वाक्य वाचलंस का?" नव्हतं वाचलं. त्याच्या मनात निखळ आदर होता, आणि घाईनं त्या आदराची माती केली. रात्री उशिरापर्यंत बसून कार्यकर्त्यांनी प्रत्येक प्रतीवर 'ब्रिलियंट' छापलेली चिठ्ठी चिकटवली.

चमकण्याचे शब्द निवडताना तर मोबाइलची गरजच नाही, आपली मराठी कामाला येते. पणती मिणमिणते, काजवे लुकलुकतात, तलवार लखलखते, घासलेलं पितळ चकचकतं. तलवार मिणमिणली असं कुणी लिहीत नाही. मग इंग्रजीत सगळ्यालाच शाइनिंग का? काय चमकतंय आणि कसं, ते आधी बघा. इथल्या शिंद्यांच्या जयविलास महालातली झुंबरं असंख्य बिंदूंनी झगमगतात, ती ग्लिटर करतात. तिथल्या जेवणाच्या टेबलावरची चांदीची छोटी आगगाडी पॉलिश केल्यासारखी चकाकते, ती ग्लीम. शांत, ऊबदार, स्थिर उजेड तो ग्लो. दूरवरचा क्षीण, थरथरता दिवा ग्लिमर. ओल्या वस्तूवरची चमक, म्हणजे दव किंवा डोळ्यांतलं पाणी, ती ग्लिसन.

माझी सवय अशी: आधी नाम लिहायचं, विशेषणाची जागा रिकामी सोडायची. मग विद्यार्थ्यांसाठीचा शब्दकोश उघडून फक्त उदाहरणं वाचायची. माझ्या नामासारखं नाम एकाही उदाहरणात दिसलं नाही, तर तो शब्द कितीही आवडला तरी सोडायचा. ब्राइट, ग्रँड, स्प्लेंडिड हे साधे शब्द कुणाला कमी वाटत असतील, पण ते धोका देत नाहीत.

आणि एका नामाला तीन-तीन विशेषणं जोडू नका. जयाजीराव शिंद्यांनी 1874 साली बांधलेल्या त्या महालावर मुलं मॅग्निफिसंट, मॅजेस्टिक, मार्व्हलस अशी रांग लावतात, आणि दरबार हॉलमधलं एकेक झुंबर सुमारे साडेतीन टनांचं आहे हे लिहायला विसरतात. छत तो भार पेलेल का, हे बघायला वर हत्ती चढवले होते असं सांगतात. हे साध्या इंग्रजीत लिहा, भव्यता वाचणाऱ्याला आपोआप कळेल.

उरलेल्या चुका पटकन सांगते. व्हेरी मॅग्निफिसंट लिहू नका, त्या शब्दात 'फार' आधीच आहे. जोर हवाच असेल तर ॲब्सोल्यूटली चालेल. मॅग्नॅनिमस म्हणजे मोठ्या मनाचा, तो इमारतीला लागत नाही. रिस्प्लेंडंट नटून-सजून आलेल्या माणसाला शोभतो; भाषणाला नको. रोषणाई केलेला वाडा इल्युमिनेटेड, आणि ज्ञानात भर घालणारं व्याख्यान इल्युमिनेटिंग. लग्नपत्रिकेवर रोषणाईसाठी लाइटनिंग छापलेलं मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. ती आकाशातली वीज. मांडवात असते ती लाइटिंग.