नव्या घरात टीव्ही आणि साउंडबार बसवताना या चुका टाळा

फ्लॅटचा ताबा मिळाला की बहुतेक जण आधी सेलची तारीख बघतात, टीव्ही घेतात आणि भिंतीचा विचार सगळ्यात शेवटी करतात. दुकानात एकच मागणी असते, "पुढची दहा वर्षं बघायला नको असं काहीतरी द्या." त्यावर दुकानदार महागातलं पॅनेल दाखवतो. पण टीव्ही एका दुपारी बदलता येतो. प्लास्टर, पुट्टी आणि रंगाच्या आत गेलेली वायर तशी बदलता येत नाही. पुढच्या दहा वर्षांची सोय करायची असेल, तर पैसे भिंतीत घाला.

केबल थेट भिंतीत गाडणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. टीव्हीला चित्र आणि आवाज एकाच केबलने देणाऱ्या एचडीएमआयचं २.० आलं २०१३ मध्ये, सेकंदाला १८ गिगाबिट वाहून नेणारं. २०१७ मध्ये २.१ आलं, ४८ गिगाबिटचं. जून २०२५ मध्ये २.२ प्रसिद्ध झालं, ९६ गिगाबिटचं, आणि त्याला केबलही वेगळी लागते. बारा वर्षांत केबलची पात्रता दोनदा बदलली. घराचं प्लास्टर तेवढ्यात एकदाही निघत नाही.

एका नव्या फ्लॅटमध्ये काय झालं बघा. हॉलच्या एका टोकाला टीव्ही, दुसऱ्या टोकाच्या कपाटात अँप्लिफायर आणि गेमिंग कन्सोल. वायरमनने दहा मीटरची तांब्याची एचडीएमआय केबल पाइपशिवाय झिरीत, म्हणजे भिंतीत कोरलेल्या खाचेत, टाकली आणि वरून सिमेंट मारलं. सेट-टॉप बॉक्सचं चित्र व्यवस्थित दिसत होतं, म्हणून कुणाला शंका आली नाही. कन्सोल ४के १२० हर्ट्झवर (सेकंदाला १२० चित्रं) लावल्यावर पडदा मध्येच दोन-दोन सेकंद काळा व्हायला लागला. टीव्हीचा बोर्ड बदलून झाला, कन्सोल सर्व्हिस सेंटरला जाऊन आला, तरी तेच. शेवटी कुणीतरी कन्सोल उचलून टीव्हीशेजारी ठेवला आणि दीड मीटरची केबल लावली. त्यानंतर पडदा एकदाही काळा झाला नाही. दोष पहिल्या दिवसापासून भिंतीतल्या केबलचा होता. ती ओढून काढायला गेले तर हलेना, कारण सिमेंटने धरून ठेवली होती. आज त्या हॉलच्या नव्या रंगावर पांढरी केसिंग पट्टी आहे.

कारण साधं आहे. २.१ मध्ये तारांच्या चार जोड्यांवरून प्रत्येकी सेकंदाला १२ गिगाबिटपर्यंत डेटा धावतो. एवढ्या वेगाचा सिग्नल तांब्यात पटकन क्षीण होतो. पाच मीटरच्या पुढे साध्या तांब्याच्या केबलवर ४८ गिगाबिटचा भरवसा धरू नये. त्यापुढे ऑप्टिकल फायबरची एचडीएमआय केबल घ्यावी. मात्र तिच्यात चित्र एकाच दिशेने जातं. एका टोकाला 'सोर्स' आणि दुसऱ्याला 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. आवाज टीव्हीकडून साउंडबारकडे जातो म्हणून अनेक जण 'सोर्स' टोक टीव्हीला लावतात. ते उलटं आहे. 'डिस्प्ले' टोक टीव्हीलाच जातं आणि 'सोर्स' टोक साउंडबारच्या आउटपुटला. परत येणारा आवाज त्याच केबलमधून उलट दिशेने येतो, म्हणून घेताना खोक्यावर ई-आर्क (टीव्हीचा आवाज बारकडे परत नेणारी सोय) लिहिलेलं आहे का ते बघा. ओढण्याआधी केबल जमिनीवर पसरून, दोन्ही टोकं जोडून, तासभर ४के चालवून बघायची. हा तास वाचवायच्या घाईतूनच वरच्यासारखे प्रकार होतात.

पाइपचं गणित असं. एचडीएमआयच्या प्लगची पकड साधारण २० मिलिमीटर रुंद असते. २५ मिलिमीटरच्या नेहमीच्या कन्सील्ड पाइपमधून ती सरळ रेषेत जेमतेम जाते, पण वळणावर अडकते. ४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप टाका. काटकोनी एल्बो वापरू नका, लांब वळणाचे बेंड वापरा आणि दोनपेक्षा जास्त वळणं ठेवू नका. आत नायलॉनची दोरी सोडून दोन्ही टोकं गाठ मारून ठेवा. पुढे केबल ओढताना तिच्यासोबत नवी दोरीही ओढून घ्या, म्हणजे पुढच्या वेळची सोय राहते. विजेची मेन वायर या पाइपमधून न्यायची नाही.

मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये मायवन शटरिंगच्या, म्हणजे पूर्ण काँक्रीटच्या भिंती असतात. तिथे झिरी मारूच नका, आतल्या सळयांना धक्का लागतो. टीव्हीमागे ४० मिलिमीटरचा पाइप मावेल एवढं पुढे येणारं प्लायचं पॅनेल करा आणि पाइप त्यामागून न्या. पॅनेलचा एक भाग स्क्रूने उघडणारा ठेवा. सुतार तो फेव्हिकॉलने चिकटवून टाकायला बघतो, म्हणून त्या दिवशी समोर उभं राहा.

"बिनतारी" शब्दावर विसंबून पॉइंट न काढणं

मागचे बिनतारी स्पीकर, टीव्हीशी थेट जुळणारे आणि खोलीत कुठेही ठेवता येणारे स्पीकर, या दिशेने बाजार चालला आहे हे खरं. पण त्यांना आवाज हवेतून मिळतो, वीज भिंतीतून घ्यावी लागते. सोफ्याच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत ६ अँपिअरचा एकेक सॉकेट काढा. टीव्हीमागे चार सॉकेट आणि एक कॅट-६ (लॅन केबलचा) पॉइंट ठेवा. तो बोर्ड टीव्हीच्या बरोबर मध्यावर घेऊ नका, कारण चपट्या स्टँडवर मागे प्लग वळायला जागा उरत नाही. ४के स्ट्रीमिंगला १५ एमबीपीएस पुरतात, पण काँक्रीटच्या दोन भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय ढेपाळतं. तिथे लॅन केबलच लावा.

अ‍ॅटमॉसचा साउंडबार घेऊन ऑप्टिकलवर चालवणं

अ‍ॅटमॉस म्हणजे आवाज वरूनही येतोय असं वाटायला लावणारी डॉल्बीची ध्वनिपद्धत. तिच्याबद्दल ही तक्रार सारखी येते, "एवढा महाग बार घेतला, आवाज वरून येतच नाही." मागे वाकून बघावं तर ऑप्टिकल ऑडिओ केबल लावलेली, वर सांगितलेली फायबरची एचडीएमआय नव्हे. खोक्यात ती फुकट आलेली असते आणि चटकन लागते, म्हणून लावतात. ऑप्टिकलवरून डॉल्बी डिजिटल ५.१ जातं, अ‍ॅटमॉस जात नाही. साध्या आर्कवरून, म्हणजे ई-आर्कच्या जुन्या आवृत्तीवरून, ओटीटीचं दाबलेलं अ‍ॅटमॉस जातं. ब्ल्यू-रेचं पूर्ण दर्जाचं अ‍ॅटमॉस टीव्हीतून बारला न्यायचं तर ई-आर्क लागतो.

तपासायचा क्रम हाच ठेवा. आधी टीव्हीच्या ज्या पोर्टवर आर्क किंवा ई-आर्क छापलंय त्यातच केबल आहे का बघा. असा पोर्ट बहुधा एकच असतो. मग सीईसी, म्हणजे जोडलेली उपकरणं एकमेकांना चालू-बंद करू शकतात ती सोय, चालू करा. सॅमसंगमध्ये त्याला अ‍ॅनीनेट प्लस म्हणतात, एलजीमध्ये सिमलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. त्यानंतर टीव्हीच्या साउंड मेनूत डिजिटल आउटपुट पीसीएमवर (टीव्हीनेच उलगडलेल्या साध्या आवाजावर) असेल तर ऑटो किंवा पास-थ्रू करा. शेवटी दोन्ही उपकरणं रिमोटने नाही, भिंतीवरच्या बटणाने बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि आधी टीव्ही चालू करा. बारच्या पडद्यावर अ‍ॅटमॉस उमटलं पाहिजे. तरी नाही उमटलं तर ओटीटीचा प्लॅन बघा. नेटफ्लिक्सवर अ‍ॅटमॉस प्रीमियम प्लॅनमध्येच मिळतं.

छताकडे आवाज फेकणाऱ्या बारला वर सपाट, कडक छत हवं, साधारण साडेसात ते बारा फुटांवर. पीओपीच्या पायऱ्या, खोबणी आणि मधोमध झुंबर असेल तर परावर्तन विस्कटतं. अशा हॉलसाठी तो बार घेऊच नये. त्याच पैशात चांगला सबवूफर आणि मागे दोन खरे स्पीकर येतात.

पॅनेल निवडताना

८केचा नाद सोडा. ५५ इंची ४के टीव्हीचा एक पिक्सेल सुमारे ०.३२ मिलिमीटरचा असतो. निरोगी डोळ्याला तो साधारण १.१ मीटरपर्यंतच वेगळा ओळखू येतो आणि आपला सोफा असतो अडीच-तीन मीटरवर. तोच पैसा जास्त उजेड देणाऱ्या मिनी-एलईडीत घाला. दिवसा पडदे उघडे असलेल्या हॉलमध्ये तो फरक लगेच दिसतो.

घरात सकाळपासून मराठी बातम्या लागत असतील तर ओलेड (प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणारं पॅनेल) नको. लाल पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो तासन्‌तास एकाच जागी राहतो आणि पॅनेलवर त्याचा डाग बसू शकतो.

'मोशन रेट १२०' म्हणजे १२० हर्ट्झचं पॅनेल नव्हे. तपशिलात 'नेटिव्ह रिफ्रेश रेट' शोधा.

'एचडीएमआय २.१' एवढं वाचूनही खूश होऊ नका. त्यातल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक आहेत. ४के १२० हर्ट्झ, व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे रिफ्रेश रेट बदलणं) आणि ई-आर्क कोणत्या पोर्टवर आहे ते स्वतंत्रपणे विचारा. पोर्ट बरोबर असूनही चित्र फिकं वाटलं, तर मेनूत त्या पोर्टचं डीप कलर, एन्हान्स्ड फॉरमॅट किंवा इनपुट सिग्नल प्लस चालू करायचं राहिलेलं असतं.

टीव्हीतली अ‍ॅप्स मंदावली म्हणून टीव्ही बदलू नका. आधी स्ट्रीमिंग स्टिक लावा.

टीव्ही फार वर टांगू नका. बसल्यावर नजर पडद्याच्या मध्यावर पडली पाहिजे, म्हणजे मध्य जमिनीपासून १०० ते ११० सेंटिमीटरवर.

पावसाळ्याआधी

स्पाइक गार्ड लावला म्हणजे झालं, असं समजू नका. अर्थिंग नीट नसेल तर तो पूर्ण संरक्षण देत नाही. शिवाय वीज पडते तेव्हा झटका फक्त सॉकेटमधून येत नाही. खांबावरून आलेली लॅनची वायर आणि गच्चीवरच्या डिशची केबल यांतूनही तो आत शिरतो आणि एचडीएमआयचे पोर्ट जळतात. गडगडाट सुरू झाला की तीन गोष्टी काढायच्या: टीव्हीचा प्लग, सेट-टॉप बॉक्सची डिशकडची केबल आणि राउटरकडून टीव्हीला येणारी लॅन.

प्लास्टर मारण्याआधी प्रत्येक पाइपशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवा. पुढे ब्रॅकेटसाठी भोक पाडणाऱ्याला आधी तेच दाखवायचे.