चुकून दुसरा गिअर पडला: इंजिन उघडण्याआधीची तपासणी

तिसऱ्यातून चौथ्यात जाताना दुसरा पडला, तर आधी गणित करा. तिसऱ्याचं गुणोत्तर 1.30 आणि दुसऱ्याचं 1.95 असेल, तर 5000 आरपीएमचे थेट 7500 होतात. रेव्ह लिमिटर, म्हणजे इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारी यंत्रणा, इथे कामाचा नाही. तो इंधन तोडतो, पण इंजिनाला चाकंच फिरवत असतात. अशा वेगात व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मागे पडतात, व्हॉल्व्ह वेळेत बंद होत नाही आणि पिस्टन त्याला धडकू शकतो.

लगेच स्टार्टर मारू नका. स्पार्क प्लग काढून क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) बोल्टवर पाना लावा आणि हाताने दोन पूर्ण फेरे द्या. कुठे अडलं तर जोर न लावता थांबा. टायमिंगच्या खुणा (क्रँक आणि व्हॉल्व्हची चाल जुळवणाऱ्या) जुळतात का तेही बघा, चेन एखादा दात सरकलेली असू शकते.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. इंधन आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. आमच्या इंजिनात तीन सिलिंडर 12 बार, एक 4. त्यात चमचाभर ऑइल सोडूनही आकडा हलला नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक. मग पिस्टन वर आणून त्यात हवा भरली; फुसफुस इनटेकमधून, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेतून, आली. वाकलेला इनटेक व्हॉल्व्ह!

हेड उतरवून तो व्हॉल्व्ह, सील आणि गॅस्केट बदललं, गाइड (व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते ती नळी) मोजलं. ताणले जाणारे हेड बोल्ट नवेच घ्यावेत. ऑइल फिल्टर कापून बघायला विसरू नका: कागदाच्या घडीत चकचकीत कण दिसले तर बेअरिंगही गेलेलं असू शकतं.