रग्ड फोन लावून लांब राइडला निघताय? नेव्हिगेशनच्या या चुका टाळा

रग्ड फोन घेतला की बऱ्याच रायडर मंडळींना वाटतं काळजी मिटली, आयपी६८ (धूळ-पाण्यापासून बचावाचं रेटिंग) आहे, मिलिटरी ग्रेड आहे, लावा हँडलला आणि निघा. पण राइडमध्ये फोन पडतो कधीतरीच हो. रोज काय होतं तर तो तापतो, थरथरतो, भिजतो, आणि नेमकं फाट्यावर आलं की नेटवर्क जातं. पडलं तरी फुटू नये म्हणून बनवलेली जाडजूड बॉडी यातल्या निम्म्या गोष्टींत काही कामाची नाही. आणि लोचा होतो तो बहुतेक वेळा फोनमध्ये नाहीच, होल्डरमध्ये, केबलमध्ये नाहीतर मॅपच्या सेटिंगमध्ये होतो.

ते मिलिटरी ग्रेड प्रकरण पण एकदा समजून घ्या. मिल-स्टँडर्ड ८१०एच म्हणजे टेस्ट कशा घ्यायच्या याची अमेरिकन पद्धत आहे, त्यातल्या कुठल्या टेस्ट घ्यायच्या ते कंपनी स्वतःच ठरवते. ड्रॉप टेस्ट म्हणजे साधारण १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडणं, म्हणजे खिशातून किंवा टेबलावरून पडला तर वाचेल. ऐंशीच्या स्पीडला हँडलवरून उडून डांबरावर घासत गेला तर वाचेलच असं कोणी लिहून दिलेलं नाहीये.

होल्डर जुनाच ठेवणं

ही सगळ्यात कॉमन चूक. साध्या फोनचं वजन असतं दोनशे ग्रॅमच्या आसपास, मोठ्या बॅटरीचे रग्ड फोन साडेतीनशेच्या पुढे जातात, काही अर्धा किलोच्याही वर. आणि लोक त्याला तोच ऑनलाइन घेतलेला दीडशे रुपयांचा प्लॅस्टिकचा होल्डर वापरतात. खराब रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला ते वजन होल्डरच्या बॉल जॉइंटवर आपटतं, जॉइंट ढिला होतो, फोन हळूहळू मान टाकतो आणि तुम्ही एका हाताने तो सारखा सरळ करत बसता. मेटलचा होल्डर घ्या, चारही कोपऱ्यांना रबरी जाळी लावा, आणि घरी फोन लावून हँडल दोन्ही बाजूंना फुल वळवून बघा, टाकीला किंवा क्लच केबलला लागतोय का ते. निघाल्यावर पहिल्या चहाला सगळे स्क्रू परत एकदा आवळा, सुरुवातीच्या थरथरीतच ते सगळ्यात जास्त ढिले होतात.

दुसरं म्हणजे होल्डरचे पंजे. रग्ड फोनला कडेला बटणं जास्त असतात, पॉवर, व्हॉल्यूम, वर एखादं रंगीत कस्टम बटण. पंजा नेमका पॉवर बटणावर बसला की मग मजा सुरू, स्क्रीन बंद, परत चालू, मधेच रिस्टार्ट, आणि भराभर दाबलं गेलं तर इमर्जन्सी सेटिंगप्रमाणे थेट ११२ ला कॉल. लोक म्हणतात फोन हँग होतोय, सर्व्हिस सेंटरला घेऊन जातात, आणि फोन बिचारा ठणठणीत असतो. पंजे बटणांच्या वर-खाली सरकवा, आणि कस्टम बटणाला काही काम दिलं असेल तर राइडपुरतं बंद करा.

थरथरीबद्दल बोलायचं तर २०२१ मध्ये ॲपलनेच सांगितलं होतं की मोटरसायकलच्या जोरदार व्हायब्रेशनने आयफोनच्या कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे फोटो हलू नये म्हणून लेन्स सावरणारी यंत्रणा, खराब होऊ शकतं. बऱ्याच रग्ड फोनमध्ये ते ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन मुळातच नसतं, त्यामुळे इथे उलट त्यांचा फायदाच आहे. पण तुमच्या मॉडेलमध्ये असेल आणि बाइक मोठी सिंगल सिलिंडर असेल तर होल्डरखाली डॅम्पर, म्हणजे थरथर शोषणारा तुकडा, लावाच, तिथे पैसे वाचवू नका.

पावसात चार्जिंग चालू ठेवणं

आयपी६८ ची टेस्ट साध्या गोड्या पाण्यात आणि सगळी झाकणं घट्ट बंद ठेवून होते. तुम्ही काय करता, रबरी झाकण उघडून केबल खुपसता आणि ताम्हिणीच्या पावसात निघता. आता वॉटरप्रूफचं काय राहिलं? काही फोनचा पोर्ट झाकणाशिवाय पण सील असतो, त्यात पाणी आत जात नाही हे खरं, पण ओल्या पोर्टमध्ये करंट चालू असला की पिना गंजतात, हिरवट-काळ्या पडतात, आणि पंधरा दिवसांनी केबल ‘हलवून’ लावायची वेळ येते. शिवाय ओल लागली की बरेच फोन स्वतःच चार्जिंग बंद करतात, ते बिघाड म्हणून नाही, वाचवायला.

खरं तर रग्ड फोनला चालत्या बाइकवर चार्जिंगची गरजच कमी असते. १०,००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण ३८ वॉट-अवर, नेव्हिगेशन आणि फुल ब्राइटनेस मिळून तीन-चार वॉट जातात असं धरा, म्हणजे आठ-दहा तास आरामात निघतात. रात्री मुक्कामाला चार्ज करा, दिवसभर झाकण बंद. पावसाळ्यात तर हाच नियम.

आणि चार्ज करायचंच असेल तर बाइकवरचा चार्जर बघा. एक अँपिअरचा स्वस्तातला यूएसबी सॉकेट देतो पाच वॉट, त्यातले बरेचसे स्क्रीनच खाते, मग दिवसभर केबल लावून पण बॅटरी जेमतेम तिथल्या तिथे, आणि लोक दोष देतात बॅटरीला. जरा फास्ट चार्जिंगवाला सॉकेट घ्या, किल्लीवर चालू-बंद होणाऱ्या लाइनवर फ्यूज टाकून जोडून घ्या. थेट बाइकच्या बॅटरीला जोडलात तर गाडी उभी असताना पण तो थोडी थोडी वीज ओढत राहतो. केबलचं टोक काटकोनी घ्या आणि केबलचा भार होल्डरला टाय मारून बांधा, नाहीतर पोर्ट सैल झालाच म्हणून समजा.

ऊन

एप्रिल-मे मध्ये विदर्भात किंवा सोलापूरकडे दुपारी राइड केली असेल तर माहितीये. काळा फोन, जाड रबर, उष्णता बाहेर पडायला जागा नाही, वर स्क्रीन फुल आणि चार्जिंग चालू. बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर गेली की चार्जिंग मंदावतं किंवा थांबतं, मग स्क्रीन आपोआप डिम होते, आणि भर उन्हात डिम स्क्रीन म्हणजे काहीच दिसत नाही. चार्जिंग आधी काढा, चाळीस-पन्नास किलोमीटर सरळ रस्ता असेल तेव्हा स्क्रीन बंद ठेवून नुसत्या आवाजावर चला. गरम फोनवर गार पाणी ओतू नका प्लीज, रग्ड असला तरी.

स्क्रीन अचानक पूर्ण काळी दिसली तर आधी गॉगल काढून बघा. पोलराइज्ड गॉगलमधून काही स्क्रीन ठराविक दिशेला काळ्या दिसतात, फोन आडवा केला की परत दिसतं.

मॅपवर आंधळा विश्वास

आता हा भाग मोठा, कारण रस्ता चुकतो तो इथेच. गूगल मॅप्समध्ये कारचा मोड चालू ठेवून निघणं ही चूक तर किती जण करतात. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी महामार्ग, अटल सेतू, वांद्रे-वरळी सी लिंक, कोस्टल रोड, सगळीकडे दुचाकीला बंदी आहे. कारच्या मोडवर कळंबोलीला तो तुम्हाला सरळ एक्सप्रेसवेवर घालतो आणि मग पुढे पावतीच. भारतात टू-व्हीलर मोड डिसेंबर २०१७ पासून आहे, तो लावा, आणि ऑफलाइन गेल्यावर कुठला मोड चालू राहिलाय ते परत एकदा बघा.

पण टू-व्हीलर मोडला पण शॉर्टकटची फार हौस. तो शेतातल्या पाणंदीतून पण नेतो आणि फरशी पुलावरून पण, पण जुलैमध्ये तो फरशी पूल पाण्याखाली असतो हे त्याला कोण सांगणार? वरंधा घाटाचंच घ्या, भोर-महाड रस्ता पावसाळ्यात बंद किंवा मर्यादित करतात, तरी मॅपवर रेष दिसते म्हणून लोक जातात आणि बॅरिकेडवरून परत फिरतात. घाटाच्या अलीकडच्या टपरीवर चहा घ्या आणि विचारा. पाच मिनिटांत जे कळतं ते कुठल्याच ॲपमध्ये नसतं.

कोकणातल्या सागरी रस्त्याला अजून एक गंमत आहे, ती म्हणजे फेरीबोट. दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, आगरदांडा-दिघी, मॅप या जेट्ट्या धरून वेळ दाखवतो. संध्याकाळी उशीर झाला आणि शेवटची फेरी गेली की दाभोळवरून गुहागरला जायचं तर चिपळूणवरून वळसा, अंधारात. त्या दिवशीची शेवटची फेरी किती वाजता ते आधी फोन करून विचारा. उलट सेटिंगमध्ये ‘फेरी टाळा’ चालू राहिलं असेल तर भर दुपारी पण तो तुम्हाला वळशानेच पाठवेल.

ऑफलाइन मॅप घरच्या वायफायवर डाउनलोड करा आणि तो एक्सपायर होत नाही ना ते बघा. गूगलसोबत ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओस्मॲंड पण टाकून ठेवा, दोन्ही ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर चालतात आणि नेटशिवाय रूट काढतात. गावाच्या नावाने सर्च करताना तालुका टाकाच, वडगाव आणि पिंपळगाव महाराष्ट्रात किती आहेत ते मोजत बसू नका.

लोकेशनची कटकट

सकाळी निळा ठिपका जागेवर येत नसेल तर घाबरू नका. नेट नसेल तर फोनला सॅटेलाइटची माहिती थेट आकाशातून घ्यावी लागते, अगदी जुनी झाली असेल तर पूर्ण माहिती उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. मोकळ्यावर फोन ठेवा आणि तोवर बॅगा बांधा. सिग्नलला थांबल्यावर बाण गोल गोल फिरतो ते कंपासमुळे, मॅग्नेटवाली टँक बॅग असेल तर जास्तच, चालू लागलात की तो आपोआप सरळ होतो. आणि ट्रॅक रेकॉर्डिंग मधेच तुटत असेल तर बॅटरी सेव्हर बंद करून त्या ॲपला बॅकग्राउंडची परमिशन द्या, रग्ड फोनमधले बॅटरीवाले सेटिंग फार कडक असतात.

पावसाच्या थेंबांनी स्क्रीन आपोआप झूम होत असेल तर ग्लोव्ह मोड (हातमोजे घालून टच चालावा म्हणून असलेलं सेटिंग) बंद करा, त्याने टच जास्त सेन्सिटिव्ह होतो आणि थेंबालाच बोट समजतो.

लडाखला निघणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि हे लेहला पोचून कळलेले लोक दर सीझनला भेटतात. फोन बाहेरून मागवला असेल तर भारतातले नेटवर्कचे बँड आणि व्होल्टी, म्हणजे फोरजीवरून कॉल, चालतं का ते आधी बघा, जिओला तर व्होल्टीशिवाय साधा कॉल पण लागत नाही. आणि सॅटेलाइटवाला हँडसेट कोणी मित्राने परदेशातून आणून दिला तर तो बॅगेत टाकून निघू नका, थुराया, इरिडियमवाली डिव्हाइस दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय आपल्याकडे चालत नाहीत, सीमेच्या चेकपोस्टवर सापडलं तर राइड तिथेच संपते.